नेटचा वेग अडतो तरी कुठे? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरच्या नेटबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. प्लॅन वाढवला, बिल वाढलं, वेग होता तिथेच. फायबरची तार, भिंतीवरचा ओएनटी (फायबर ज्या डब्यात शिरते तो), तिथून राउटरला गेलेली केबल, राउटर, वाय-फाय आणि शेवटी तुमचा फोन अशी ही नळजोडणी असते. त्यातली सगळ्यांत बारीक नळी जेवढी, तेवढंच पाणी नळाला येतं. ती नळी कोणती हे मोजून कळतं, नवा राउटर आणून नाही.

प्रश्न : १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून ३०० चा घेतला. लॅपटॉपला केबल लावून तपासलं तर ९४ येतात, फार तर ९५. फोनवर वाय-फायने ४५ ते ५०. नेटवाला म्हणतो, आमच्याकडून पूर्ण येतंय, तुम्ही राउटर बदला. राउटरच्या खोक्यावर तर ‘३०० एमबीपीएस’ छापलेलं आहे. मग चूक कोणाची?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : नेटवाला खरं बोलत असण्याची शक्यता जास्त आहे, कारण ९४ हा आकडाच चुगली करतो. लाइनमध्ये गर्दी असती किंवा सिग्नल खराब असता तर कधी १८०, कधी ७०, कधी २४० असे उड्या मारणारे आकडे दिसले असते. दर वेळी ९४-९५ वर येऊन थांबणं म्हणजे वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं दार आहे. त्यातून जाताना डेटाच्या पाकिटांवरच्या पत्त्या-शिक्क्यांचा खर्च वजा होतो आणि हाती एवढेच उरतात.

हे दार तीन ठिकाणी असू शकतं: राउटरचं पोर्ट, केबल किंवा लॅपटॉपचं पोर्ट. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क, मग इथरनेट उघडा. तिथे लिंक स्पीड दिसतो. १०००/१००० असेल तर तेवढा टप्पा ठीक. १००/१०० असेल तर चोर त्याच टप्प्यात आहे. आता राउटर बाजूला ठेवा आणि लॅपटॉप थेट ओएनटीला लावा. काही ओएनटींचं एकच पोर्ट गिगाबिटचं, म्हणजे १००० एमबीपीएसचं, असतं आणि बाकीची १०० ची. गिगाबिटच्या पोर्टाशेजारी ‘जीई’ आणि साध्याशेजारी ‘एफई’ अशी अक्षरं असतात. जीईमध्ये लावून २८०-२९० आले तर नेटवाल्यावरचा आळ काढून घ्या.

केबल मात्र सहज सोडू नका. तिच्या आत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जॅकमध्ये नीट बसली नाही, तरी नेट बंद पडत नाही. दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात आणि कोणाला काही कळत नाही. जॅक डोळ्यांसमोर धरा, खटका खाली आणि सोनेरी पिना वर. डावीकडून रंग असे हवेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. प्रत्येक तार जॅकच्या टोकाला टेकलेली दिसली पाहिजे, आणि बाहेरचं जाड आवरण जॅकच्या आत दाबलेलं असलं पाहिजे. आवरण बाहेरच राहिलं असेल तर केबल दोन-चारदा ओढली गेल्यावर तारा सुटतात. पीळही जॅकच्या तोंडापर्यंत ठेवायचा असतो, अर्ध्या इंचाहून जास्त उलगडायचा नाही.

घरात १०० मीटरच्या आत कॅट-५ई गिगाबिटला पुरते. कॅट-६ घेतली तर बिघडत नाही, पण ३०० च्या प्लॅनला त्याने काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो तांब्याने. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तारेवर ब्लेडने ओरखडा काढा. आत पांढरं दिसलं तर ती केबल कोपऱ्यात दोनदा वाकवली की मोडते.

आता खोक्यावरच्या ३०० बद्दल. तो आकडा वाय-फायचा, तोही कागदावरचा: २.४ गिगाहर्ट्झ, दोन अँटेना आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदी धरून काढलेला. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गर्दीत त्यातून ४०-६० हाती लागतात, म्हणजे तुमचे ४५ अगदी बरोबर आहेत. अशा राउटरची पोर्टंही बहुतेक १०० चीच असतात. तेव्हा इथे राउटर बदलणं योग्य आहे. मात्र दुकानात ‘एसी १२००’ किंवा ‘ड्युअल बँड’ (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे) एवढं वाचून पैसे देऊ नका. त्या नावाचे अनेक राउटर आजही १०० एमबीपीएसच्या पोर्टांसह विकले जातात. ९४ चा आकडा घरात तसाच राहतो, फक्त डबा नवा. खोक्यावर वॅन (नेट आत येतं ते) आणि लॅन (घरातली यंत्रं जोडायची ती) दोन्ही पोर्टं १०/१००/१००० अशी छापलेली हवीत. ती असतील तर ३०० च्या प्लॅनला वाय-फाय ५ चा, म्हणजे वाय-फायच्या पाचव्या पिढीचा, साधा ड्युअल बँड राउटर पुरतो. वाय-फाय ६ घ्यायचा तो घरात उपकरणं जास्त असतील आणि फोनही नवे असतील तर. वाय-फाय ५ चा फोन वाय-फाय ६ च्या राउटरशी वाय-फाय ५ च्याच भाषेत बोलतो.

प्रश्न : कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्यात वाय-फाय आहेच. त्याची रेंज कमी म्हणून नवा राउटर आणून त्याला जोडला. आता दोन वाय-फाय दिसतात. मुलाच्या गेममध्ये ‘नॅट स्ट्रिक्ट’ येतं, एका वाय-फायवरून दुसऱ्यावरचा प्रिंटर सापडत नाही, आणि नव्या राउटरची सेटिंग उघडायला गेलं की जुन्या डब्याचं पान उघडतं. काय करावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : घरात दोन कारभारी झाले आहेत. डबाही पत्ते वाटतोय आणि राउटरही, म्हणून गेमची वाट अडते आणि प्रिंटर सापडत नाही. शिवाय दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असणार, म्हणून भलतंच पान उघडतं. एकाला कारभारातून निवृत्त करावं लागेल. त्याचे दोन मार्ग आहेत.

सोपा मार्ग असा की डब्याला कारभारी ठेवायचं आणि नव्या राउटरला नुसतं वाय-फायचं काम द्यायचं. आजच्या बहुतेक राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असतो. तो निवडला, डब्याच्या लॅनमधून आलेली केबल त्या मोडमध्ये सांगतील त्या पोर्टात लावली की संपलं. मोड नसेल तर हाताने करा. क्रम मात्र चुकवू नका:

१. डब्याची केबल अजून जोडू नका. लॅपटॉप नव्या राउटरच्या लॅनला लावून त्याचं पान उघडा.
२. लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. राउटर पुन्हा सुरू होईल. आता नव्या पत्त्यावर जा.
३. डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा.
४. डब्याची केबल राउटरच्या लॅन पोर्टात लावा. वॅनमध्ये लावली तर पुन्हा दोन कारभारी.

शेवटी डब्याचं वाय-फाय बंद करा. नाहीतर फोन लांबच्या, कमकुवत डब्यालाच चिकटून बसतात.

दुसरा मार्ग म्हणजे डबा ‘ब्रिज’ करायचा आणि सगळा कारभार नव्या राउटरकडे द्यायचा. राउटर दमदार असेल, किंवा पुढच्या एका उत्तरात सांगितलेली रांगेची सोय वापरायची असेल, तर हाच मार्ग बरा. त्यासाठी कंपनीकडून तीन गोष्टी मागून घ्या: पीपीपीओईचं (कंपनीच्या यंत्रणेत लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक. राउटरच्या वॅनमध्ये पीपीपीओई निवडून त्या भरा. एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ ठेवा. १५०० ठेवलं तर काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात, आणि दोष कुठे हे शोधताना दिवस जातो. सगळं बरोबर भरूनही जोडणी होत नसेल तर कंपनीने जुन्या यंत्राचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलेला असू शकतो. राउटरमधल्या ‘मॅक क्लोन’मध्ये तो जुना पत्ता भरा किंवा कंपनीला नवा नोंदवायला सांगा.

एक गोष्ट करू नका. डब्याच्या मागचं रिसेटचं छिद्र टाचणीने दाबू नका. राउटर रिसेट करून पुन्हा भरता येतो. ओएनटीत मात्र कंपनीच्या यंत्रणेला ओळख पटवणारी माहितीही असू शकते. ती पुसली गेली तर माणूस घरी येईपर्यंत नेट नाही. बदल करण्याआधी डब्याच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. लँडलाइन त्याच डब्यातून येत असेल तर फोनची वायर डब्यालाच राहू द्या.

प्रश्न : १०० चा प्लॅन आहे, पण फाइल उतरवताना संगणक १२ च दाखवतो. अर्ज कुठे करायचा?
– एक वाचक, लातूर

उत्तर : कुठेच नाही, पूर्ण वेग मिळतोय. प्लॅन बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा.

प्रश्न : वडिलार्जित घर आहे, चिऱ्याच्या जाड भिंती. राउटर ओसरीला लागलेल्या खोलीत. मागच्या स्वयंपाकघरात नेट पोचावं म्हणून रिपीटर आणला. रेंजच्या दांड्या पूर्ण भरलेल्या दिसतात, पण वेग १५-२०. ओसरीवर मात्र १५० मिळतो.
– एक वाचक, म्हापसा, गोवा

उत्तर : दांड्या फोन आणि रिपीटर यांच्यातलं अंतर सांगतात. रिपीटरला मुळात किती मिळतंय ते सांगत नाहीत. दुधात पाणी घालून भांडं भरलं तरी ते भरलेलंच दिसतं.

दोन चुका एकत्र झाल्या असाव्यात. साधा रिपीटर एकाच रेडिओने ऐकतो आणि त्यानेच बोलतो. एका वेळी एकच काम जमतं, म्हणून वेग तिथेच निम्मा होतो. शिवाय तो स्वयंपाकघरात लावला असेल तर जिथे मुळात सिग्नल पोचत नाही तिथेच त्याला ऐकायला बसवलं आहे. रिपीटरची जागा मधली असते, जिथे मूळ राउटरचा सिग्नल अजून चांगला मिळतो. फोनवर वाय-फाय तपासायचं एखादं ॲप घ्या आणि डीबीएम हा सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघत घरभर फिरा. तो उण्यात असतो. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत ठीक, उणे ७५ च्या खाली गेलात की व्हिडिओ अडखळतो. रिपीटर उणे ६० ते ६५ च्या जागी लावा.

तरीही दीड फुटी चिरा हा दीड फुटी चिराच. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा एका भिंतीत बऱ्याचशा मरतात, दोन भिंतींनंतर नावापुरत्या उरतात. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत त्याहून जास्त खाते. आमचं मत स्पष्ट आहे. अशा घरात बिनतारी साखळीवर पैसे घालण्यापेक्षा एक केबल ओढा. वाश्यांच्या कडेने किंवा माळ्यावरून कॅट-५ई मागच्या खोलीपर्यंत न्या आणि तिथे दुसरा राउटर वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे ॲक्सेस पॉइंट म्हणून बसवा. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवा, चॅनेल वेगळे. विजेच्या वायरच्या पाइपातून मात्र ही केबल घालू नका. एकदा वायरचं आवरण गेलं की २३० व्होल्ट थेट लॅपटॉपपर्यंत पोचू शकतात. मेश (एकमेकांशी जोडून चालणाऱ्या राउटरांचा संच) घ्यायचाच असेल तर केबलने जोडता येणारा घ्या. बिनतारी मेशची खरी गंमत पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये आहे.

जागेबद्दलही थोडं. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, आरशाच्या किंवा माशांच्या टाकीच्या आड राउटर ठेवायचा नसतो. धातू लहरी परतवतो, पाणी पिऊन टाकतं. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, शक्य तेवढा घराच्या मध्यभागी, अँटेना उभ्या. घर दुमजली असेल तर एक अँटेना आडवी करून बघा.

प्रश्न : इमारतीत तीस-चाळीस वाय-फाय दिसतात. दिवसा ठीक, रात्री आठनंतर सगळं कूर्मगतीने. ‘ऑटो चॅनेल’ चालू आहे. ५ गिगाहर्ट्झही आहे, पण फोन आपोआप २.४ वर जातो. स्मार्ट प्लग तर कशालाच जोडला जात नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रात्री आठनंतरचा संथपणा दोन ठिकाणांहून येऊ शकतो: हवेतून किंवा तारेतून. रात्री नऊला लॅपटॉप केबलने जोडून मोजा. केबलवरही वेग पडलेला असेल तर कंपनीच्या मार्गावर गर्दी आहे. सेटिंग्ज कितीही बदलल्या तरी ती हटणार नाही. तीन-चार रात्रींचे आकडे वेळेसह लिहून तक्रार करा. केबलवर पूर्ण येत असेल तर दोष हवेतला, आणि तो तुमच्या हातात आहे.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांच्या वाटेत न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेजारी तिघेही भरलेले दिसले म्हणून मध्येच ३ किंवा ९ निवडणं म्हणजे दोन्हीकडच्या भांडणात पडणं. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान पाळीने बोलतात. अर्धवट वर चढलेला चॅनेल दुसऱ्याला नुसता गोंगाट वाटतो. तिघांतला जो सर्वांत मोकळा तो घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की या छोट्या पट्ट्याचा बराचसा भाग तुम्ही एकटे व्यापता आणि त्याहून जास्त मार खाता. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. जेवण गरम करताना व्हिडिओ अडकत असेल तर चमकू नका.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे. २०१८ मध्ये भारतात या पट्ट्यातला मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला खुला झाला. राउटरमध्ये देश ‘इंडिया’ निवडलेला आहे का ते आधी पाहा. रुंदी ८० ठेवा. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हे दोन गट बिनघोर आहेत, म्हणूनच बहुतेकांचे राउटर तिथे बसलेले असतात. मधले ५२ ते १४४ बऱ्याचदा ओस पडलेले असतात, पण तिथे एक अट असते: रडारची चाहूल लागली तर राउटरने जागा सोडायची. म्हणून या चॅनेलवर राउटर सुरू होताना निदान एक मिनिट गप्प राहून ऐकतो. राउटर बिघडला असं समजून लोक तेवढ्यात तो पुन्हा बंद करतात. विमानतळ किंवा हवामान खात्याचं रडार जवळ नसेल तर हे चॅनेल जरूर वापरून पाहा. जुना टीव्ही किंवा फोन ते ओळखत नसेल तर परत ३६ वर या.

फोन २.४ वर घसरतो कारण दोन्ही पट्ट्यांना एकच नाव आहे. नावं वेगळी करा, म्हणजे ‘स्मार्ट कनेक्ट’ बंद करा. एकाच्या नावापुढे ५ लिहा आणि फोन, लॅपटॉप, टीव्ही त्यालाच जोडा. फोनमधून दुसरं नाव काढून टाका. स्मार्ट प्लगचं दुखणंही बहुधा इथेच आहे. असली स्वस्त उपकरणं फक्त २.४ समजतात, आणि डब्ल्यूपीए-३ ही कित्येकदा त्यांना कळत नाही. २.४ च्या नावाला सुरक्षा डब्ल्यूपीए-२ एईएस ठेवा. जोडणी करताना फोनही तेवढ्यापुरता २.४ वर आणा.

सुरक्षेच्या यादीत ‘टीकेआयपी’ असाही पर्याय दिसेल. तो चुकून निवडला तर राउटर कितीही भारी असो, वाय-फाय ५४ एमबीपीएसच्या जुन्या जमान्यात जातं. सुरक्षा कच्ची ती वेगळीच.

प्रश्न : घरून काम करतो. मुलीच्या फोनचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की माझा व्हिडिओ कॉल तुटतो. स्पीड टेस्ट मात्र उत्तम.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : फोटो वर चढताना अपलोडची नळी तुडुंब भरते. पुढे जागा नसलेली पाकिटं राउटर किंवा ओएनटी फेकून देत नाही, साठवतो. मग तुमच्या आवाजाचं इवलंसं पाकीट शेकडो फोटोंच्या मागे रांगेत उभं राहतं. वेग कमी झालेला नाही, वाट बघणं वाढलंय. खात्री करायला विंडोजच्या कमांड खिडकीत एखाद्या साइटला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावा, सतत चालू राहील असा. फोटो चढायला लागले की १०-१५ मिलिसेकंदांचे २००-४०० होतात का बघा.

झाले, तर राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘क्यूओएस’ ही रांग लावायची सोय शोधा. अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के लिहा. केबलवर ९४ मोजले असतील तर ८२ लिहा. आता रांग तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तो छोट्या पाकिटांना पुढे सोडतो. मर्यादेत प्लॅनचा पूर्ण आकडा भरला तर काहीच फरक पडत नाही, आणि लोक ‘क्यूओएस निरुपयोगी’ म्हणून मोकळे होतात. याची किंमतही सांगायला हवी. हे चालू केलं की राउटर प्रत्येक पाकीट स्वतःच्या प्रोसेसरने हाताळतो, एरवीची वेगवान आडवाट बंद होते. स्वस्त राउटरवर मग ३०० चे १५० होऊ शकतात. पालकांसाठीचं नियंत्रण आणि ‘ट्रॅफिक मॉनिटर’ यांनीही हेच होतं. वेग अचानक निम्मा झाला तर आधी हे दोन बंद करून बघा. तोवर फोटो रात्री चढू द्या, तेवढ्याने कॉल वाचतात.

प्रश्न : शेतावर सीसीटीव्ही बसवला. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून कॅमेऱ्यापर्यंत सोडायची सोय) सगळं बरोबर केलं, तरी बाहेरून दिसत नाही.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : राउटरच्या वॅनचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुमचा पत्ता कंपनीने अनेकांत वाटून दिलेला आहे. बाहेरून येणारा तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही, मग दार उघडं ठेवून उपयोग काय? कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्या, किंवा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲपमधली क्यूआर कोडची जोडणी वापरा. तिला पोर्ट लागत नाही. तीच वापरणार असाल तर उघडलेली पोर्टं बंद करा आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड आजच बदला.

प्रश्न : दर वर्षी वळवाच्या पावसात राउटरचं वॅन पोर्ट जळतं. आमची जोडणी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरच्या डब्यातून केबलने आली आहे. तिथून पुढे वाडीतल्या भावाच्या घरी आम्ही तशीच केबल नेली आहे. राउटरला स्पाइक गार्ड लावलेला आहे.
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : स्पाइक गार्ड विजेच्या दारावर उभा आहे, चोर केबलच्या खिडकीतून येतो. उघड्यावरून गेलेली तांब्याची केबल म्हणजे लांबलचक अँटेना. वीज तिच्यावरच पडायला हवी असं नाही. आसपास कोसळली तरी तारेत दाब तयार होतो आणि दोन्ही टोकांची पोर्टं जातात.

उपाय काचेचा आहे. गच्चीपासून घरापर्यंत फायबर मागा. बऱ्याच ठिकाणी तीच कंपनी ती देते, फक्त मागावी लागते. भावाच्या घरापर्यंतची केबलही काढा आणि फायबर ओढून दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी केबल यांची सांगड घालणारे डबे) बसवा. वेगात तडजोड नाही, आणि काचेतून वीज वाहत नाही. एवढ्यावर थांबू नका. उघड्यावरून येणाऱ्या चपट्या फायबरला आधारासाठी पोलादी तार जोडलेली असते. ती भिंतीबाहेरच्या हुकाला बांधून तिथेच तोडायची आणि आत फक्त फायबर घ्यायची. अनेक घरांत ती तशीच ओएनटीपर्यंत आलेली दिसते. काचेचा सगळा फायदा मग तिथे संपतो. फायबर येईपर्यंत ढग गडगडायला लागले की ॲडॉप्टर आणि वॅनची केबल दोन्ही काढा. एकच काढून भागत नाही. परतीच्या पावसातही हे विसरू नका.

प्रश्न : डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा मधूनमधून लुकलुकतो आणि नेट जातं. शिवाय आमच्याकडे लाइट रोज जाते. इन्व्हर्टर नाही. राउटरपुरता काही स्वस्त उपाय आहे का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : लाल दिव्याचा अर्थ ओएनटीला प्रकाश मिळत नाही. त्यात राउटरचा संबंध नाही. आधी फायबरची वायर कुठे दुमडली आहे का बघा. टीव्हीच्या मागे दाबलेली, खिळ्याला गुंडाळलेली किंवा दाराच्या फटीत चेमटलेली वायर हा नेहमीचा गुन्हेगार. वळण क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गोलाईपेक्षा लहान नको. ओएनटीच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ असतो. उणे १५ ते उणे २४ असेल तर आरामात चालतं, उणे २७ च्या आसपास गेला की लुकलुक सुरू होते. हे आकडे साधे दिसतात, पण ३ ने खाली म्हणजे प्रकाश थेट निम्मा. कंपनीला फोन करताना ‘नेट जातं’ असं सांगू नका, हा आकडा सांगा. तक्रार योग्य माणसाकडे लवकर पोचते. हिरव्या टोकाची पिन हिरव्याच खाचेत जाते. तिचं टोक तिरपं घासलेलं असतं, निळ्या सरळ टोकाशी ते जुळत नाही. पिन काढलीच तर टोकाला बोट लावू नका, आणि आत डोकावून पाहू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

लाइटसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. ओएनटी आणि राउटर दोन्हींच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना, हे आधी वाचा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ देऊ नका. पिनेच्या मधल्या भागाचं चिन्ह धन आहे का तेही पाहा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पिनांत आतला व्यास २.१ आणि २.५ मिलिमीटर असा फरक असतो. ढिली बसली की राउटर उगाचच पुन्हा पुन्हा सुरू होतो. किती वेळ चालेल याचा हिशेब असा: यूपीएसवर ८००० एमएएच लिहिलं असेल तर तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. गुणाकार करून सुमारे ३० वॉट-तास, घट जाता २५. ओएनटी ६ आणि राउटर ९ असे १५ वॉट धरले तर दीड तासाच्या थोडं वर. लाइट तीन तास जात असेल तर दुप्पट क्षमतेचा घ्या, किंवा ओएनटीचंच वाय-फाय चालू करून लाइट नसताना राउटर बंद ठेवा. हे जमण्यासाठी ओएनटी ब्रिज केलेला नसावा लागतो.